पुसायला लागणारा वेळ

"अजून तिथंच आहे," ताई म्हणाली.

"काय?"

"ती हिरवी पट्टी. मी आले तेव्हा जेवढी होती तेवढीच आहे."

"सरकतेय. दिसत नाही एवढंच." धाकट्याने मान वर न करता सांगितलं. तो अप्पांच्या पलंगाचे नट सोडवत होता. गादी गेली होती, आता नुसता लोखंडी सांगाडा उरला होता. खिडकीपाशी टेबलावर जुना लॅपटॉप उघडा होता आणि त्याला काळ्या वायरने साबणाच्या डबीएवढी हार्ड डिस्क जोडलेली होती. तिच्यावरचा निळा दिवा लुकलुकत होता. कान दिला तर आतली बारीक घरघर ऐकू येत होती.

"आणि हे संपणार कधी?"

"संध्याकाळ होईल."

"एवढीशी डबी पुसायला संध्याकाळ?"

"पूर्ण फॉरमॅट लावलंय ना, ताई. वेळ लागतो. लॅपटॉपही म्हातारा झालाय."

ताईच्या मनात कुठेतरी एक टाका उसवला. कारखान्याच्या ऑफिसातला बिलांचा माणूस असे पेनड्राइव्ह पुसायचा, तेव्हा चहाचा घोट गिळायच्या आत काम झालेलं असायचं. इथे दिवस जाणार होता. शिवाय ती यायची होती पुढच्या रविवारी. सुट्ट्यांची अदलाबदल झाली म्हणून आजच, न कळवता येऊन थडकली, तर धाकट्याने दार उघडलं तेच अर्धवट. "तू? आज?" म्हणाला, आणि आधी वळून अप्पांच्या खोलीकडे बघितलं. त्याचं ते वळून बघणं ताईच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

नजरेतून काही सुटू न देणं हेच तिचं काम होतं. तयार कपड्यांच्या कारखान्यात ती शेवटची तपासनीस होती. शिवून, धुऊन, इस्त्री होऊन आलेला शर्ट तिने सोडल्याशिवाय खोक्यात जात नसे. आधी कॉलर, खिसा, काजं, बाह्या बघायच्या, मग शर्ट उलटा करून आतल्या शिवणी. दोष सापडला की तिथे लाल बाण चिकटवायचा आणि शर्ट बाजूला टाकायचा. "वरून सगळेच गुणी दिसतात, उलटा करून बघा," असं ती नव्या मुलींना सांगायची. मुली तिला पाठीमागे 'एक्सरे' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. नवरा गेल्यावर त्याच टेबलापाशी उभं राहून तिने लेकीला शिकवलं होतं.

धाकटा लिफ्टचा मेकॅनिक. लहानपणी जिथे बसवला तिथेच बसून राहायचा, म्हणून अप्पा त्याला ठोकळ्या म्हणायचे. बोलायला लागावं तर शब्दाला महाग. अप्पा मात्र जन्मभर शहराची बस चालवून आवाज कमावलेले. भर उन्हाळ्यात गळ्याचं बटण लावलेलं, दाढी रोजच्या रोज. घरातसुद्धा त्यांना कुणी बनियनवर पाहिलेलं नव्हतं. म्हातारपणी त्यांना विसर पडायला लागला. आधी चष्मा विसरले, मग घरचा रस्ता, मग माणसं. एकदा घराबाहेर पडले ते सापडले डेपोत, बंद पडलेल्या बसमध्ये ड्रायव्हरच्या जागेवर बसलेले. त्यानंतर धाकट्याने खोलीच्या कोपऱ्यात कॅमेरा लावला. तो दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या लिफ्टमध्ये, भावजय दुपारभर औषधांच्या दुकानात. मध्ये दोघंही फोनवर बघायचे, अप्पा काय करताहेत ते. त्या कॅमेऱ्याचं सगळं या डिस्कमध्ये साठत होतं.

अप्पा जाऊन महिना झाला होता. ताई आली होती त्यांचं कपाट आवरायला.

तिने शर्ट काढून खाली मांडायला सुरुवात केली. एकेक उचलावा, झटकावा, घडी घालावी. पण सवय कुठे जाते? दुसऱ्या-तिसऱ्या शर्टापासून तिचे हात आपसूक कॉलरवरून खिशाकडे, खिशावरून बाह्यांकडे जायला लागले. निळ्या चौकड्यांच्या शर्टाशी ते थांबले. खांद्याची शिवण हाताने पुन्हा घातलेली होती. तिने शर्ट उलटा केला. कापड विरलं की धागे आधी पातळ होतात, कडा मऊ पडतात. इथे कडा ताज्या होत्या. वरचं बटणही मूळचं नव्हतं. जुनं निघताना कापडाचा तुकडा घेऊन गेलं होतं आणि त्या भोकाला मागून ठिगळ लावलेलं होतं.

हा शर्ट झिजलेला नव्हता. कुणीतरी ओढला होता.

तिने तो घडी न घालता वेगळा ठेवला. तिला तो मनगटावरचा डाग आठवला. तीन-चार महिन्यांपूर्वी ती आली होती तेव्हा अप्पांच्या मनगटाला हिरवट-निळं कडं पडलं होतं. "पलंगाच्या कडेला लागलं," धाकटा म्हणाला होता. पलंगाची कडा सरळ असते आणि हे तर गोल होतं, असं तिच्या तेव्हाच मनात आलं होतं. निघताना अप्पांनी तिचा पदर धरून कानाशी म्हटलं होतं, "मला घेऊन चल." ती म्हणाली होती, "पुढच्या वेळी."

ती उठून गॅलरीत गेली आणि लेकीला फोन लावला. आवाज खाली ठेवून विचारलं, "अगं, हार्ड डिस्क पुसायला दिवसभर लागतो का?"

"साधं पुसलं तर नाही. क्विक फॉरमॅट क्षणात होतं."

"मग पूर्ण म्हणजे काय?"

"क्विकपुढची खूण काढायची. मग ती डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक जागा कोरी करत जाते. वर शून्यं लिहीत जाते म्हण. नंतर कुणाच्या बापाला काही परत काढता येत नाही. का गं?"

"काही नाही. मामा करतोय."

"मामा? कशाला?"

"विचारून सांगते," म्हणत ताईने फोन ठेवला.

खोलीत परतली तेव्हा धाकटा पलंगाचा एक पाय सुटा करून हातात तोलत होता. ताईने लॅपटॉपकडे बघितलं. पट्टी आता थोडी पुढे दिसत होती. म्हणजे खरंच सरकत होती, आणि एकेक जागा कोरी होत होती.

"कशाला पुसतोयस रे ती?"

"कामावरचा एक जण मागत होता. त्याला द्यायचीय."

"द्यायची म्हटलं तर क्विक केलं असतंस तरी चाललं असतं."

धाकट्याने आता वर बघितलं. "तुला कुणी सांगितलं?"

"मला काय कळत नाही का?"

"क्विकने नुसत्या दारावरच्या पाट्या निघतात. माणसं आतच राहतात."

"मग राहू देत की! कुठली माणसं आहेत आत एवढी लपवण्यासारखी?"

"अप्पाच आहेत. दुसरं कोण असणार?"

"मला बघायचं होतं."

"बघण्यासारखं काही नाहीये त्यात."

"ते मी ठरवीन ना! माझे पण बाप होते ते. मी यायच्या आधी पुसून मोकळा होणार होतास, हो ना? आज अचानक आले म्हणून तोंड पडलं तुझं." तिने निळा शर्ट उचलून त्याच्यासमोर धरला. "आणि हे काय आहे? हा खांदा कसा फाटला?"

धाकट्याने शर्टाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. ओठ हलले, पण त्यातून काही बाहेर यायच्या आत त्याच्या खिशातला फोन वाजला. पलीकडून कुणीतरी मोठमोठ्याने बोलत होतं. एका दवाखान्याची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत माणसं होती.

"मेन बंद करा. दार उचकटू नका. मी येतो," एवढं बोलून त्याने अवजारांची पिशवी खांद्याला मारली. दारात मात्र थबकला.

"ताई, वायरला धक्का लागू देऊ नकोस. मध्येच सुटली तर पुन्हा पहिल्यापासून लावायला लागतं."

तो जिना उतरल्याचा आवाज विरेपर्यंत ती उभी राहिली. मग टेबलापाशी गेली. डिस्क तापली होती. तळहाताखाली ती आजारी पाखरासारखी थरथरत होती. मध्येच सुटली तर पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे मध्येच सुटली तर पुढचं अजून शाबूत असणार. एवढा हिशेब लावायला लेकीला विचारायची गरज नव्हती.

तिने वायर ओढली.

निळा दिवा विझला. पडद्यावर, फॉरमॅट पूर्ण करता आलं नाही, अशी चौकट आली. ताईने डिस्क रुमालात गुंडाळली, पर्समध्ये टाकली आणि चेन लावली. मागे वळली तर दारात भावजय उभी होती, दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन.

भावजयीने लोंबणारी वायर बघितली, ताईच्या पर्सकडे बघितलं आणि कप टेबलावर ठेवले.

"साखर कमी घातलीय," ती म्हणाली.

"मी डिस्क घेतलीय," ताई म्हणाली. तिला वाटलं होतं भावजय ओरडेल, नवऱ्याला फोन लावेल. त्या तयारीने ती पर्स पोटाशी धरून उभी होती.

"दिसलं. न्या." भावजय टेबलाजवळच्या स्टुलावर टेकली. "पण ताई, बघाल तर सगळं बघा. मधलाच एक तुकडा काढून बघू नका."

"कुठला तुकडा?"

भावजयीने निळा शर्ट ओढून मांडीवर घेतला आणि खांद्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. "हे मीच शिवलंय. तुमच्यासारखी सफाई नाही माझ्या हाताला." तिने शर्ट बाजूला ठेवला. "त्या दिवशी सगळं अंथरुणात झालं होतं. अप्पा मला जवळ येऊ देईनात. परकी बाई कपड्यांना हात लावते म्हणून शिव्या. मी तरी बटण काढायला गेले तर दंडाला चावले. ह्यांना बोलावून घेतलं कामावरून. ह्यांनी हात धरले, अप्पा सोडवून घ्यायला लागले. ड्रायव्हरचे हात ते, केवढी ताकद! त्या ओढाताणीत शर्ट फाटला. आणि मग..."

"मग काय?"

"मग ह्यांचा हात उठला."

खोलीत कसलाच आवाज नव्हता. इतका वेळ चाललेली घरघर थांबल्यामुळे तर ते फारच जाणवत होतं.

"मारलं?" ताईने विचारलं. "अप्पांना मारलं त्याने?"

"थोबाडीत. एक." भावजयीने तिच्या नजरेला नजर दिली. "मी तिथंच होते. मला वाईट वाटायला पाहिजे होतं, पण खरं सांगू? त्या क्षणी मला बरं वाटलं. म्हणजे बघा, आम्ही कुठे जाऊन पोचलो होतो ते."

इतके महिने जो संशय जपला तो खरा निघाला होता. तिला वाटलं होतं, खरा निघाला की पायाखाली काहीतरी घट्ट लागेल. तसं काही लागलं नाही.

"आणि नंतर?"

"नंतर हे तिथंच खाली बसले. भिंतीला डोकं टेकून लहान मुलासारखे रडायला लागले. मी ह्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. अप्पा बघत राहिले. त्यांना काही आठवतच नव्हतं ना! गालावर बोटं उमटलेली, तसेच अंथरुणातून सरकत खाली आले, ह्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, 'ठोकळ्या, कुणी मारलं रे तुला? नाव सांग मला त्याचं.'"

भावजयीने कप उचलला आणि न पिताच पुन्हा ठेवला.

"तेही आहे त्या डिस्कमध्ये. आवाजासकट. हे आजही बाथरूममध्ये नळ सोडून का बसतात ते मी विचारत नाही."

ती दुकानात जायला निघून गेली. ताई शर्टांच्या ढिगाऱ्यापाशी जमिनीवर बसून राहिली. भावजय खोटं बोलते असं तिला वाटलं नाही. पण नवऱ्यासाठी बाई काय काय शिवून नीट करते हेही तिला माहीत होतं. एकदा म्हणजे खरंच एकदा का? मनगटाचं कडं त्याच दिवशीचं, की दुसऱ्या कुठल्या? पर्स मांडीवर होती. डिस्क आता गार झाली असावी. उरलेल्या भागात काय असेल? ती थोबाडीत, की डोक्यावरून फिरलेला तो हात? की यातलं काहीच नाही, नुसते रिकाम्या दुपारी झोपलेले अप्पा? आणि अप्पांना तिथे, त्या अवस्थेत, लेकीसमोर बसून बघायचं? नातीने आजोबांना तसं बघायचं?

धाकटा परत आला तेव्हा उन्हं कलली होती. हातांना कोपरापर्यंत काळं ग्रीस लागलेलं. त्याने लॅपटॉपकडे बघितलं आणि मोरीत जाऊन हात धुतले. बराच वेळ धुतले. बाहेर येऊन टॉवेलला हात पुसत विचारलं, "तू काढलीस?"

"हो. सुटली माणसं?"

"सुटली. एक बाळंतीण होती आत. घाबरली होती." तो थांबला. "बघितलंस?"

"नाही."

"ने मग. निम्मी तरी उरली असेल. तुझी लेक काढून देईल." हे त्याने इतक्या साधेपणाने म्हटलं की ताईला पुन्हा शंका आली. तो थकला होता, की हरला होता, की त्याला खात्री होती की काही सापडणार नाही?

"मारलंस तू अप्पांना?"

"हो."

"किती वेळा?"

त्याने टॉवेल खांद्यावर टाकला. उत्तर यायला वेळ लागला. लागायला नको होता एवढा.

"एकदा," तो म्हणाला.

ताईने त्याचा चेहरा निरखला. हजारो कपडे तिने असेच निरखले होते, उजेडासमोर धरून, उलटेपालटे करून. या चेहऱ्याला आतली बाजू नव्हती. लहानपणापासून तो असाच होता, कोपऱ्यात बसवला तर कोपऱ्यात बसणारा.

"कामावरच्याला द्यायचीय हे खोटं," ती म्हणाली.

"खोटंच."

"मग पूर्णच का पुसायची होती?"

"अप्पांनीच सांगितलं होतं." तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. "मधूनमधून त्यांना लख्ख कळायचं, तुला माहितीय. एका सकाळी दाढी करून देत होतो. आरशातून कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, हे काय आहे? मी सांगितलं. म्हणाले, कोण बघतं? म्हटलं, आम्ही दोघं. म्हणाले, मी गेल्यावर कोण बघणार? मी म्हटलं, कोणी नाही, पुसून टाकीन. तर म्हणाले, नक्की? परत कुणाला दिसायला नको. मग गळ्याचं बटण लावून घेतलं माझ्याकडून." त्याने नाक ओढलं. "मी पण त्यात सुटतोय, ते कळतं मला. म्हणूनच तुला सांगता येईना."

ताई म्हणाली, "माझ्याबद्दल काही आहे का त्यात?"

"आहे."

"काय?"

"शेवटी शेवटी त्यांना वाटायचं पलंग म्हणजे बसच आहे. उशीला हात लावून बसायचे, स्टिअरिंगसारखे. मी म्हणायचो, चला अप्पा, सोडा आता गाडी, झोपायची वेळ झाली. तर म्हणायचे, थांब, पोरगी यायचीय अजून. ती आली की सोडतो."

ताईने तोंड फिरवलं. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीत कुणीतरी दोरीवरचे कपडे काढत होतं, एकेक चिमटा काढून. तिने ते संपेपर्यंत बघितलं.

मग तिने पर्सची चेन उघडली. रुमाल सोडून डिस्क टेबलावर ठेवली, वायर खोचली. निळा दिवा लागला.

"आता कुठे दाबायचं?"

"राहू दे. मी लावतो."

"मला सांग."

त्याने बोटाने दाखवलं. 'क्विक' पुढच्या चौकोनात बरोबरची खूण होती. तिने ती काढली. सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का, असं यंत्राने विचारलं. तिने पुन्हा एकदा धाकट्याकडे बघितलं. 'एकदा' हा त्याचा शब्द तिच्या मनात तसाच उभा होता, लाल बाण लावून बाजूला ठेवलेला. तो खोक्यात जाणार नव्हता, आज नाही आणि कदाचित कधीच नाही.

तिने बटण दाबलं.

"उजाडेल आता," धाकटा म्हणाला. "तुझी बस जाईल."

"जाऊ दे."

धाकटा भिंतीला पाठ लावून बसला आणि बसल्या बसल्याच त्याला झोप लागली, तोंड किंचित उघडं, कोपराच्या घडीत ग्रीसची एक रेघ राहिलेली. ताईने दिवा लावला नाही. पडद्याच्या उजेडात तिने स्टूल ओढून टेबलाच्या आणि दाराच्या मध्ये घेतलं. जाता-येता कुणाचा पाय अडकायला नको म्हणून लोंबणारी वायर उचलून आपल्या मांडीवर घेतली आणि त्यावर हात ठेवून ती बसून राहिली. पट्टी अजून सुरूही झाली नव्हती.